विद्यापीठाच्या दारातील सीमारेषा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९२२ च्या ऑक्टोबर महिन्यात बिहारमधील एक तरुण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उतरला. असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्याने पाटण्यातील कॉलेज सोडले होते. परदेशी शिकण्याची ओढ मोठी आणि खिसा मात्र रिकामा, अशी त्याची अवस्था होती. द्राक्षांच्या मळ्यात मजुरी करून, फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबून आणि खानावळीत भांडी घासून त्याने पैसे जमविले व १९२३ च्या आरंभी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात नाव घातले. परंतु थोड्याच काळात तेथील शुल्क दुप्पट झाले, आणि शुल्क कमी असलेल्या आयोवा विद्यापीठाकडे त्याला जावे लागले. पुढे विस्कॉन्सिन येथे त्याने मार्क्स वाचला आणि ओहायो येथे १९२९ मध्ये समाजशास्त्राची एम.ए. पदवी घेऊन तो मायदेशी परतला. हा तरुण म्हणजे जयप्रकाश नारायण. नाशिकच्या तुरुंगात ज्या चर्चा झाल्या आणि १९३४ मध्ये ज्यांतून काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला, त्यांची पूर्वतयारी या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत झाली होती.

बर्कले, आयोवा, विस्कॉन्सिन आणि ओहायो ही चारही विद्यापीठे त्या त्या राज्याची, म्हणजे जनतेच्या पैशावर उभी राहिलेली सार्वजनिक विद्यापीठे होत. कोणा धनिकाच्या देणगीवर चालणाऱ्या खाजगी संस्थेचे दार एका निर्धन हिंदी तरुणाला सहजासहजी उघडले नसते. सार्वजनिक विद्यापीठाचे दार उघडले. पण त्याच विद्यापीठाच्या शुल्काने त्याला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ढकलले. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात घेतल्या पाहिजेत, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यांतच आहे.

घरातील प्रश्न

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी सतरा-अठरा वर्षांची झाली की मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न उभा राहतो. आपल्याच राज्याच्या विद्यापीठात पाठवावे, की दुसऱ्या राज्याच्या नामवंत सरकारी विद्यापीठात? न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हीच चर्चा जेवणाच्या टेबलावर वर्षभर चालते. मुलीने दूरच्या विद्यापीठाचे नाव ऐकलेले असते, तिच्या मैत्रिणी तेथे निघालेल्या असतात. आईला वाटते, एवढे कष्ट आपण कशासाठी केले? वडील कागदावर आकडे मांडीत बसतात.

ते आकडे असे आहेत. कॉलेज बोर्ड या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार २०२४-२५ या वर्षी चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असणाऱ्या सार्वजनिक संस्थांचे सरासरी शुल्क राज्यवासी विद्यार्थ्यास ११,६१० डॉलर, तर परराज्यातील विद्यार्थ्यास ३०,७८० डॉलर होते. खाजगी, पण नफा न कमावणाऱ्या संस्थांची सरासरी ४३,३५० डॉलर होती. म्हणजे वेस ओलांडण्याची किंमत वर्षाला १९,१७० डॉलर आणि चार वर्षांची ७६,६८० डॉलर. राहण्याजेवणाचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच, वर्षाला १३ हजार डॉलरांच्या आसपास. दूर जाणाऱ्याला प्रवासखर्चाची त्यात भर. नामवंत विद्यापीठांत हे अंतर सरासरीहून पुष्कळ मोठे आहे. मिशिगन विद्यापीठात परराज्यातील विद्यार्थ्याचे शुल्क ६० हजार डॉलरांच्या घरात गेले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२५ च्या शरद सत्रात प्रवेश घेणाऱ्या परराज्यातील विद्यार्थ्यास नेहमीच्या शुल्काखेरीज ३७,६०२ डॉलरांचे जादा शुल्क लावण्यात आले.

वर्ग तोच, अध्यापक तोच, प्रयोगशाळाही तीच. एकाच बाकावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने दुसऱ्याच्या अडीचपट किंवा तिप्पट पैसे मोजावयाचे, याला काही न्याय्य आधार आहे काय?

वेस कोठून आली

आधार आहे, आणि तो अगदीच तकलादू नाही. राज्याचे विद्यापीठ राज्याच्या करांतून चालते. ज्या शेतकऱ्याने, दुकानदाराने, गिरणीकामगाराने वर्षानुवर्षे कर भरला, त्याच्या मुलाने कमी शुल्कात शिकावे आणि ज्याच्या घराने या राज्याला कधी एक डॉलरही दिला नाही त्याने खर्चाचा मोठा वाटा उचलावा, असे हे तर्कशास्त्र आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ ज्या १८६८ च्या कायद्याने स्थापन झाले, त्यातच म्हटले होते की विद्यापीठाचे उत्पन्न पुरेसे होताच राज्यातील सर्व रहिवाशांना प्रवेश व शिक्षण मोफत असावे. मोफत शिक्षणाचे वचन आणि रहिवासाची अट अशी एकाच वाक्यात जन्मली.

या विद्यापीठांचे भांडवल मात्र राज्याच्या करांपेक्षा व्यापक होते. अब्राहम लिंकन यांनी १८६२ मध्ये सही केलेल्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला त्याच्या प्रत्येक संसदसदस्यामागे ३०,००० एकर या हिशेबाने संघराज्याची जमीन दिली. ती विकून शेतकी व यंत्रविद्येचे उच्च शिक्षण उभारावे, हा हेतू. जयप्रकाशजी ज्या चार विद्यापीठांत शिकले त्यांपैकी बर्कले, विस्कॉन्सिन आणि ओहायो ही तीन या कायद्याची फळे होत. कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी विद्यापीठ ही कल्पना त्या काळी युरोपातही विरळाच होती. मात्र ही जमीन आकाशातून पडलेली नव्हती. तेथील आदिवासी जमातींकडून तह करून, फसवून वा बळाने घेतलेली ती जमीन होती. म्हणून ‘आमच्या करांवर उभे राहिलेले आमचे विद्यापीठ’ हा दावा ऐकताना त्याच्या पायाखाली कोण गाडले गेले, याचेही स्मरण असावे.

वेशीचा दुसरा एक उपयोग याहून लाजिरवाणा आहे. लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय तरुणाने मिसूरी विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश मागितला, तेव्हा राज्याने त्याला सुचविले की शेजारच्या राज्यात जाऊन शीक, शुल्क आम्ही भरू. परराज्यातील शिक्षण हे येथे हद्दपारीचे सौम्य नाव होते. १९३८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की गोऱ्यांना राज्यात जी संधी मिळते ती कृष्णवर्णीयांनाही त्याच राज्यात दिली पाहिजे. डॉ. राममनोहर लोहियांना १९६४ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे उपाहारगृहाच्या दारात अटक झाली, तो याच व्यवस्थेचा अनुभव होता. आपल्या राज्याच्या विद्यापीठावरचा हक्क ही कोणाला सहज लाभलेली वस्तू नव्हे. कित्येकांना तो झगडून मिळवावा लागला आहे.

राज्याने हात आखडता घेतला

कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाची जी बृहद्योजना आखली, तिचे गुणगान आजही होते. शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांपैकी वरच्या अष्टमांशात येणाऱ्यांना विद्यापीठात, वरच्या तृतीयांशातील विद्यार्थ्यांना राज्य महाविद्यालयांत आणि उरलेल्या सर्वांना स्थानिक कम्युनिटी कॉलेजांत जागा, अशी ती रचना होती. रहिवाशांकडून शिक्षणशुल्क घ्यावयाचे नाही, हे तत्त्व तिने पुन्हा मान्य केले. परंतु १९६७ मध्ये रोनाल्ड रेगन गव्हर्नर झाले. योजनेचे शिल्पकार क्लार्क केर यांना त्याच वर्षी जानेवारीत पदावरून दूर करण्यात आले आणि १९७० मध्ये ‘शैक्षणिक फी’ या नावाने शुल्क आले. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने मालमत्ता कराला वेसण घातली, आणि सार्वजनिक खर्चाची सारीच गणिते बदलली.

न्यूयॉर्कची कहाणी अधिक बोलकी आहे. १८४७ पासून त्या शहराने कामगारांच्या व निर्वासितांच्या मुलांना मोफत उच्च शिक्षण दिले. दोन महायुद्धे झाली, महामंदी येऊन गेली, तरी ते मोफतच राहिले. १९७० मध्ये तेथील विद्यापीठाने शहरातील प्रत्येक शालान्त विद्यार्थ्यास प्रवेश खुला केला व कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन मुले मोठ्या संख्येने वर्गात आली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, १९७६ मध्ये, शहराच्या आर्थिक संकटाचे कारण सांगून शुल्क लावण्यात आले. महामंदीत जे परवडत होते ते गरिबांतील गरीब दारात येताच परवडेनासे झाले, याचा अर्थ कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

२००८ च्या मंदीनंतर बहुतेक राज्यांनी विद्यापीठांचे अनुदान छाटले. विद्यापीठांनी तूट भरून काढली ती परराज्यातील व परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून. अलाबामा विद्यापीठाने देशभर माणसे पाठवून विद्यार्थी गोळा केले. तेथे आता निम्म्याहून अधिक विद्यार्थी बाहेरचे आहेत. कॅलिफोर्नियात २०१६ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने ठपका ठेवला की विद्यापीठाने बाहेरच्या हजारो विद्यार्थ्यांना राज्यवासीयांच्या तुलनेत कमी गुणांवर प्रवेश दिला. मग २०१७ मध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवर रोखण्याचे धोरण ठरले. ज्या शाखांत ते आधीच जास्त होते, त्यांना तेवढ्यावरच थांबण्यास सांगण्यात आले. पुढे विधिमंडळाने बर्कले, लॉस एंजेलिस व सॅन डिएगो येथील प्रमाण टप्प्याटप्प्याने खाली आणावयाचे ठरवून बुडणाऱ्या शुल्काची भरपाई राज्याच्या तिजोरीतून देऊ केली. राज्यवासीयांच्या जागा राज्याने पैसे मोजून परत मिळविल्या. म्हणजे प्रश्न पैसा नसण्याचा नव्हता. तो कोठे खर्च करावयाचा, याचा होता.

दोन्ही पारडी

आता पुन्हा त्या घरातील टेबलाकडे वळू. बाहेरच्या राज्यात जाण्याच्या बाजूने खरोखर वजनदार मुद्दे आहेत, आणि केवळ ‘हौस’ म्हणून ते उडवून लावणे अन्यायाचे होईल.

पहिला मुद्दा विषयाचा. प्रत्येक राज्यात प्रत्येक विद्या नसते. सागरविज्ञान, खाणकाम, पशुवैद्यक असे विषय शिकावयाचे तर लहान राज्यातील मुलाला बाहेर पडावेच लागते. हे ओळखून राज्यांनी आपसांत करार केले आहेत. पश्चिमेकडील राज्यांच्या देवघेव योजनेत सहभागी विद्यापीठे परराज्यातील निवडक विद्यार्थ्यांना राज्यवासीयांच्या दीडपटीहून अधिक शुल्क लावीत नाहीत. दक्षिणेतील राज्यांचा करार आपल्या राज्यात नसलेला विषय शेजारी राज्यात राज्यवासी दराने शिकू देतो. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांनी तर एकमेकांच्या विद्यार्थ्यांसाठी दारे उघडी ठेवली आहेत. अशा करारांची चौकशी न करता भरमसाट शुल्क भरणारे पालक कमी नाहीत.

दुसरा मुद्दा सवलतीचा. छापील शुल्क आणि प्रत्यक्ष मोजावयाची रक्कम यांत मोठी तफावत असते. बाहेरचे गुणवान विद्यार्थी आकर्षित करण्यासाठी काही विद्यापीठे इतकी सूट देतात की ते आपल्या राज्यापेक्षाही स्वस्त पडावे. २०११ पासून तेथील प्रत्येक संस्थेला निव्वळ खर्चाचा अंदाज देणारे गणनयंत्र आपल्या संकेतस्थळावर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. तुलना करावयाची ती या निव्वळ आकड्यांची. मात्र अशी सूट बहुधा दरवर्षी ठराविक गुण राखण्याच्या अटीवर असते; एखादे सत्र घसरले की तीन वर्षांचा हिशेब कोलमडतो. शिवाय गरजेऐवजी गुणांवर दिलेली ही सूट बव्हंशी सुस्थितीतील घरांच्या पदरात पडते. जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये सुरू केलेली ‘होप’ शिष्यवृत्ती लॉटरीच्या उत्पन्नातून चालते. तिकीट घेणारा एक आणि शिष्यवृत्ती घेणारा दुसरा, अशी तिच्यावर टीका झाली ती उगाच नव्हे.

तिसरा मुद्दा मुलाच्या वाढीचा. घरापासून दूर, अपरिचित माणसांत राहून जे शिकावयास मिळते त्याचे मोल पैशात होत नाही. पण हा अनुभव राज्याची वेस ओलांडल्यानेच मिळतो असे नाही. टेक्सास किंवा कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यात पाचशे मैल दूरचे शहरही आपल्याच राज्यात असते.

आता दुसरे पारडे. अवलंबून असलेल्या पदवी विद्यार्थ्याला संघराज्य सरकारकडून मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० व त्यापुढे दरसाल ७,५०० डॉलर आहे. चार वर्षांचे मिळून २७,००० डॉलर. गरजू विद्यार्थ्यास मिळणारे पेल अनुदान २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होते. राज्याच्या विद्यापीठात सरासरी शुल्काचा मोठा भाग एवढ्यात भागतो. वेस ओलांडल्यास वरचे ७६ हजार डॉलर उरतात ते आईवडिलांच्या डोक्यावर. पालकांच्या नावे मिळणाऱ्या ‘पॅरेंट प्लस’ कर्जाला पूर्वी एकूण खर्चाएवढी मोकळीक होती. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी त्यावर वर्षाला २० हजार व एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलरांची मर्यादा घातली आहे. म्हणजे नुसत्या वेशीची सरासरी किंमतही त्या कर्जात बसत नाही. उरलेल्यासाठी खाजगी सावकार आहेतच, आणि त्यांचा व्याजदर गरिबाला अधिक असतो. हे कर्ज दिवाळखोरीतही सहजी फिटत नाही. त्या देशात चार कोटींहून अधिक माणसांच्या शिरावर संघराज्याचे मिळून १.६ लाख कोटी डॉलरांहून अधिक शैक्षणिक कर्ज आहे. पन्नाशीतील बाप निवृत्तीची पुंजी मोडून मुलाचे पहिले वर्ष काढतो, आणि दुसऱ्या वर्षी धाकटीची पाळी येते.

पदवीचे दूरगामी मोल बघितले तरी बहुतेक विषयांत राज्याचे मुख्य विद्यापीठ कमी पडत नाही. घरी राहून दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढावीत व मग राज्याच्या विद्यापीठात जावे, हा मार्ग तर कष्टकरी घरांनी केव्हाच आपलासा केला आहे. त्यात कमीपणा मानणे हे नव्या मध्यमवर्गाचे दुखणे आहे. म्हणून सर्वसाधारण उत्पन्नाच्या घराने आपल्या राज्याचे विद्यापीठ हेच मूळ गृहीत धरावे. विषय तेथे नसेल, करारामुळे किंवा खात्रीच्या सवलतीमुळे बाहेरचा निव्वळ खर्च तेवढाच येत असेल, तरच वेस ओलांडावी. नुसत्या नावासाठी कर्ज काढू नये. आणि हा हिशेब मुलापासून लपवू नये. सतरा वर्षांच्या मुलीला घराची मिळकत कळली तर ती खचत नाही, शहाणी होते.

रहिवासी कोण?

तरीही एक वर्ग असा आहे की ज्याला ही निवडच उपलब्ध नाही. बहुतेक राज्ये बारा महिन्यांच्या खऱ्या अधिवासाची अट घालतात आणि मुलाचा अधिवास पालकांवरून ठरवितात. केवळ शिकण्यासाठी येऊन राहिलेल्याला राज्यवासी मानीत नाहीत. १९७३ मध्ये कनेक्टिकटच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रवेशाच्या वेळी बाहेरचा होता म्हणून विद्यार्थ्याला कायमचा बाहेरचा ठरविता येणार नाही. आपण येथलेच झालो हे दाखविण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. वाजवी प्रतीक्षेची अट मात्र मान्य राहिली.

तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करणाऱ्या हिंदी, त्यांत मराठी, कुटुंबांची मुले येथे कात्रीत सापडतात. आईवडील दहा-पंधरा वर्षे त्याच राज्यात कर भरतात. अनेक राज्ये त्यांच्या मुलांना राज्यवासी दर देतात. पण संघराज्याचे अनुदान वा कर्ज त्यांना मिळत नाही. स्थायी परवान्याची रांग इतकी लांब की मुलगा एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या परवान्यावरून उतरतो आणि विद्यार्थी परवाना घ्यावयास गेला की कित्येक ठिकाणी परका ठरतो. ज्यांच्याजवळ कोणतेच कागद नाहीत त्यांची स्थिती याहून बिकट. टेक्सासने २००१ मध्ये आपल्या शाळांत शिकलेल्या अशा मुलांना राज्यवासी दर दिला होता. जून २०२५ मध्ये संघराज्य सरकारने दावा लावताच राज्याने तो लढविला नाही व ती तरतूद एका दिवसात न्यायालयाच्या हुकुमाने गेली. कर भरणे हा जर वेशीचा आधार, तर कर भरणाऱ्याच्या मुलाला वेशीबाहेर ठेवण्यास कोणता आधार उरतो?

आपल्या अंगणात

हे सारे परक्या देशाचे गाऱ्हाणे समजून सोडून देण्याचे कारण नाही. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी नव्हती, बाहेरच्यांना होती. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दाद मागितली असता १९५५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा भेद वैध ठरविला. जन्मस्थान आणि रहिवास या निराळ्या गोष्टी होत, असे सांगितले. कर्नाटकात १९८९ च्या अधिसूचनेने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेस वर्षाला २,००० रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यास २५,००० आणि परराज्यातील विद्यार्थ्यास ६०,००० रुपये अशी तीन पायऱ्यांची उतरंड लावली. मीरतच्या मोहिनी जैन यांनी ती आव्हानित केली व १९९२ चा प्रसिद्ध निर्णय मिळविला. महाराष्ट्रात तर राज्याच्या आतही वेस होती. वैद्यकीय प्रवेशात विभागातील विद्यार्थ्यांना ७० टक्के व बाहेरच्यांना ३० टक्के जागा हे सूत्र सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. महाविद्यालये कमी असलेल्या मराठवाड्यातील मुलांना त्याने वर्षानुवर्षे जाचले होते. दूरच्या राज्यात जागा विकत घेणारा आणि जवळची जागा हुकल्याने घरी बसणारा, हे दोघेही आपल्या ओळखीचे आहेत.

त्यातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध असा. वेस ही स्वतः पाप नव्हे. स्थानिक जनतेने उभारलेल्या संस्थेवर स्थानिकांचा पहिला हक्क असणे रास्त आहे. दुर्बळ विभागाला तर तो असलाच पाहिजे. वेस अन्यायी होते ती राज्य आपला वाटा काढून घेते तेव्हा. मग विद्यापीठ गिऱ्हाईक शोधू लागते, बाहेरचा पैसेवाला आतल्या गरिबाच्या जागेवर बसतो, आणि आतला गरीब बाहेरच्यावर दात धरतो. दोघांच्याही खिशात हात घालणारा मात्र नजरेआड राहतो. म्हणून ‘बाहेरचे हाकला’ ही आपली घोषणा असू शकत नाही. प्रत्येक राज्यात, प्रत्येक विभागात पुरेशी आणि चांगली सार्वजनिक विद्यापीठे, त्यांना पुरेसे अनुदान, आणि नसलेल्या विषयांसाठी राज्याराज्यांत करार, ही मागणी असावी. गुणवत्तेची सूट गरजेकडे वळवावी, आणि रहिवासाची कसोटी कागदावरून नव्हे, तर मनुष्य कोठे राबतो व त्याची मुले कोठे शिकली यावरून लावावी.

त्या टेबलाशी बसलेल्या आईवडिलांना आजच्या रात्री आजच्याच आकड्यांवर निर्णय घ्यावयाचा आहे आणि तो त्यांनी सावधपणे घ्यावा. पण प्रत्येक घराने एकेकट्याने, दार लावून हा हिशेब करीत राहावे, यातच व्यवस्थेची सोय आहे. १९२३ मध्ये शुल्क दुप्पट झाले तेव्हा एका तरुणाने सामान बांधले आणि तो दुसऱ्या राज्यात निघून गेला. एकट्याला तेवढेच करता येण्याजोगे होते. पुढील आयुष्यात त्याने जे शिकविले ते असे की एकट्याने सामान बांधण्याऐवजी अनेकांनी एकत्र येऊन दारावरचे शुल्क बदलावयास लावावे. अभ्यासवर्गातून उठताना हा धडा बरोबर न्यावा.